वेस्ट इंडीजचे मास्तर: उसाच्या बेटांवर शाळा कुणी उभ्या केल्या?

कॅरिबियन समुद्रात सेंट लुसिया नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ साधारण ६२० चौरस किलोमीटर, वस्ती आजही दोन लाखांच्या आत. म्हणजे आपल्याकडचा एखादा लहानसा तालुका. या बेटाने दोन नोबेल विजेते दिले. १९७९ साली अर्थशास्त्रासाठी आर्थर लुईस आणि १९९२ साली साहित्यासाठी डेरेक वॉलकॉट. दोघांचा जन्म २३ जानेवारीचा, पंधरा वर्षांच्या अंतराने. तारखेचा हा योग गमतीचा म्हणून सोडून देऊ. पण लुईस यांचे आई-वडील दोघंही शिक्षक होते आणि वॉलकॉट यांची आई कॅस्ट्रीज गावातल्या मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या शाळेची मुख्याध्यापिका होती, हे मात्र सोडून देण्यासारखं नाही. त्या बेटांवर काळ्या माणसाच्या घरात पुस्तकं असायची तर ती बहुधा मास्तरांच्याच घरात.

आपल्याला वेस्ट इंडीज म्हटलं की सोबर्स, रिचर्ड्स, लारा आठवतात. फ्रँक वॉरेल आठवतात ते १९६२ साली जखमी नरी कॉन्ट्रॅक्टरसाठी त्यांनी रक्त दिलं म्हणून. हेच वॉरेल वेस्ट इंडीज विद्यापीठात एका वसतिगृहाचे वॉर्डन होते आणि त्यांची समाधीही त्या विद्यापीठाच्या बार्बेडोसमधल्या आवारात आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. क्रिकेटने या बेटांना जगात नाव दिलं हे खरं, पण देश चालवायला माणसं लागतात, आणि ती शाळांनी दिली. मग प्रश्न असा, की ज्या बेटांवर दीडदोनशे वर्षांपूर्वी बहुसंख्य माणसं मालकाच्या वहीत गुरांसारखी नोंदलेली होती, तिथे शाळा आल्या कुठून?

आधी थोडी पार्श्वभूमी. ही बेटं एका साच्यातली नाहीत. जमैका, त्रिनिदाद, बार्बेडोस, अँटिग्वा इंग्रजांकडे होती, क्युबा आणि पोर्तो रिको स्पेनकडे, मार्टिनिक आणि ग्वाडलूप फ्रेंचांकडे. भाषा वेगळ्या, चर्च वेगळी, कायदे वेगळे. सगळीकडे सारखा होता तो ऊस, आणि उसासाठी आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं. गुलामगिरी संपली तीही वेगवेगळ्या तारखांना. हैतीत गुलामांनी उठाव करून १८०४ साली देशच स्वतंत्र केला. इंग्रजी बेटांवर ती १८३४ ते १८३८ दरम्यान गेली, फ्रेंच बेटांवर १८४८ मध्ये, पोर्तो रिकोत १८७३ मध्ये आणि क्युबात थेट १८८६ मध्ये.

उसाच्या मळ्याला शिकलेला मजूर नको असतो. शाळेत गेलेला पोरगा कोयता धरायला परत येणार नाही, अशी मळेवाल्यांना भीती होती, आणि ती काही अगदीच खोटी नव्हती. त्यामुळे पुढची शंभर-सव्वाशे वर्षं इथल्या शिक्षणात दोन ओढी दिसतात. एक ओढ चारदोन हुशार पोरं निवडून वर काढण्याची. कचेऱ्यांना कारकून लागतात, तेवढ्यापुरतं सरकारला हे परवडत होतं. दुसरी ओढ सगळ्यांना शिकवण्याची. ही कुणालाच परवडत नव्हती, म्हणून ती काही माणसांनी पदरमोड करून ओढली. माझ्या मते पायाभरणीचा मान या दुसऱ्या मंडळींचा. त्यातल्या बहुतेकांचा मार्गही एकच दिसतो: नुसतं शिकवून थांबायचं नाही, शिकवणारी माणसं तयार करायची.

गुलामगिरी संपण्याआधी: हार्ट बहिणी आणि चिरूट वळणारे मास्तर

अँटिग्वातल्या ॲन आणि एलिझाबेथ हार्ट या बहिणी जन्माने स्वतंत्र होत्या, मिश्र वंशाच्या. वडिलांचा स्वतःचा मळा होता आणि त्यावर गुलामही होते. तरी हेच वडील आजूबाजूच्या गुलामांना सुटकेचे अर्ज लिहून देत. असा विरोधाभास त्या समाजात घरोघर होता, त्यामुळे या बहिणींना देवीपण देण्यात अर्थ नाही. त्या मेथडिस्ट पंथात गेल्या आणि १८०९ साली ॲनने इंग्लिश हार्बर इथे रविवारची शाळा काढली. गुलाम आणि स्वतंत्र, दोन्हीकडच्या मुलांना एकत्र घेणारी कॅरिबियनमधली ही पहिली शाळा मानतात. रविवार का, तर बाकीचे सहा दिवस मुलं मळ्यावर राबत. १८१३ साली बेथेस्डा गावात गुलामांच्या मुलांसाठी शाळेची स्वतंत्र इमारत उभी राहिली. तिथलं काम एलिझाबेथ आणि तिचे पती पाहत.

त्या काळात अनेक ठिकाणी मिशनऱ्यांना वाचन शिकवायची मुभा असे, लेखनाची नसे. वाचता आलं की माणूस बायबल वाचेल, त्याला कुणाची हरकत नव्हती. लिहिता आलं तर मात्र तो मळ्याबाहेर जाण्याची परवान्याची चिठ्ठी स्वतःच लिहू शकेल! मालकांचा हिशेब पक्का होता.

पोर्तो रिकोतली गोष्ट अजून वेगळी, आणि मला या सगळ्यात सर्वांत जवळची वाटणारी. राफाएल कोर्देरो यांचा जन्म १७९०चा. काळे, पण गुलाम नसलेले. काळ्या मुलांना शाळेत प्रवेश नव्हता, त्यामुळे ते घरीच शिकले. पोटासाठी चिरूट वळायचे आणि जोडे शिवायचे. १८१० साली त्यांनी घरातच मुलांना शिकवायला सुरुवात केली आणि १८६८ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे ५८ वर्षं, शिकवलं. सान हुआन शहरात लूना रस्त्यावरच्या त्यांच्या घरात तंबाखूची पानं आणि मुलांच्या वह्या एकाच खोलीत असत. फी नाही. सुरुवातीला काळी आणि मिश्र वंशाची गरीब मुलं येत. हळूहळू गावातल्या गोऱ्या, खात्यापित्या घरांतलीही येऊ लागली, कारण मास्तर चांगले शिकवतात ही बातमी पसरायला जाहिरात लागत नाही. गुलामगिरी चालू असलेल्या बेटावर एका काळ्या चिरूटवाल्यासमोर मालकांची मुलं मांडी घालून बसत होती.

या खोलीतून कोण निघालं? आलेहांद्रो तापिया हे नाटककार, होसे हुलियान आकोस्ता हे इतिहासकार आणि रोमान बाल्दोरियोती दे कास्त्रो हे राजकारणी. तिघंही पुढे पोर्तो रिकोत गुलामगिरी बंद व्हावी म्हणून झटले. मास्तरांनी त्यांना चळवळीचे धडे दिल्याची नोंद नाही. ते वाचन, हिशेब, धर्म आणि सुंदर अक्षर शिकवत. पण ज्याच्या हाताखाली तुम्ही बाराखडी गिरवली तो माणूस जन्माने हलका, हे मग कोण कसं पटवून देणार?

म्हातारपणी त्यांना सान हुआनच्या एका नामवंत संस्थेने १०० पेसोंचा पुरस्कार दिला. त्यातल्या अर्ध्या रकमेची त्यांनी मुलांसाठी पुस्तकं आणि कपडे घेतले, उरलेली रक्कम गरिबांत वाटून टाकली. फ्रान्सिस्को ओयेर या चित्रकाराने पुढे त्यांच्या शाळेचं मोठं तैलचित्र काढलं. त्यात ओळीत बसलेली शहाणी मुलं शोधू नका. खोलीभर पोरांची दाटी आहे आणि तिच्या मध्यात मास्तर. त्यांना संतपद मिळावं म्हणूनही प्रयत्न चालू आहेत आणि २०१३ साली व्हॅटिकनने त्यांना त्या वाटेवरची एक पदवी दिली.

त्यांची मोठी बहीण सेलेस्तिना मात्र बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकली जाते. तिने १८२० साली सान हुआनमध्ये मुलींची शाळा काढली आणि शिक्षिका म्हणून आपल्याला सरकारी मान्यता मिळावी यासाठी अर्ज केले. भाऊ घरात शिकवत होता, बहीण व्यवस्थेच्या दारावर धडका देत होती. तिच्यावर असं मोठं तैलचित्र कुणी काढलं नाही.

मिकोबाईंचा पैसा

इंग्रजी बेटांवर १ ऑगस्ट १८३४ला गुलामगिरी कायद्याने संपली. अँटिग्वात त्याच दिवशी पूर्ण मोकळीक मिळाली. बाकी बहुतेक बेटांवर माणसांना ‘उमेदवार’ या नावाखाली आणखी चार वर्षं जुन्याच मालकाकडे फुकट राबवलं गेलं. ब्रिटिश संसदेने नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर केले. कुणाला? मालकांना. सुटलेल्यांच्या तोंडाला पानं पुसली. त्यांच्या शिक्षणासाठी वर्षाला ३०,००० पौंडांचं अनुदान १८३५ पासून ठेवलं, ते काही वर्षांनी उतरतं केलं आणि १८४५ साली बंद. इतकी वर्षं सगळं पूर्ण दिलं असतं, तरी मालकांच्या रकमेच्या दीड-पावणेदोन टक्क्यांपुढे ते जात नव्हतं.

अशा वेळी पैसा आला तो एका मोडलेल्या सोयरिकीतून. लंडनमधल्या लेडी जेन मिको या श्रीमंत विधवेने १६७० साली मृत्युपत्र केलं. पुतण्यासाठी एक रक्कम ठेवली, अट एवढीच, की त्याने बाईंच्या भाच्यांपैकी एकीशी लग्न करावं. भाच्या सहा होत्या. पठ्ठ्याने एकीलाही होकार दिला नाही. मृत्युपत्रात पुढची सोयही लिहिलेली होती: लग्न न झाल्यास ही रक्कम उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांनी पकडलेल्या ख्रिस्ती कैद्यांना सोडवायला वापरावी. काळ बदलला, चाचे संपले, कैदीही उरले नाहीत. पैसा गुंतवलेला तसाच पडून राहिला आणि वाढत वाढत १८३०च्या दशकात लाख पौंडांच्या पुढे गेला.

गुलामगिरीविरोधी चळवळीतले खासदार थॉमस फॉवेल बक्स्टन यांनी हा पैसा हेरला. कैद्यांना सोडवायचं होतं ना, मग नुकत्याच सुटलेल्या कैद्यांना शिकवा, असा त्यांचा युक्तिवाद. तो मान्य झाला आणि १८३५ साली मिको न्यास उभा राहिला. न्यासाने अनेक बेटांवर प्राथमिक शाळा काढल्या, पण पैसा सगळीकडे पुरेना. तेव्हा बहुतेक शाळा सोडून देऊन त्यांनी भर दिला तो शिक्षक तयार करण्यावर, आपल्या भाषेत सांगायचं तर डीएड कॉलेजवर. जमैकात किंग्स्टनला आणि अँटिग्वात अशी कॉलेजं चालली. अँटिग्वाचं पुढे बंद पडलं. किंग्स्टनचं आजही मिको युनिव्हर्सिटी कॉलेज म्हणून सुरू आहे आणि अमेरिका खंडातल्या सर्वांत जुन्या अध्यापक विद्यालयांमध्ये त्याची गणना होते.

कॉलेज कुठल्याही एका चर्चचं नव्हतं, हे महत्त्वाचं. बेटांवर प्रत्येक पंथाची शाळा वेगळी, आणि मास्तर त्या पंथाच्या पाद्र्याच्या मुठीत. मिकोतून निघालेल्याला निदान स्वतःचं प्रमाणपत्र होतं. गरीब काळ्या घरातल्या मुलाला वकील किंवा डॉक्टर होणं जवळजवळ अशक्य होतं, पण मास्तर होता येत होतं. खेड्यात मग हाच माणूस पत्र वाचून दाखवणारा, अर्ज लिहिणारा, चर्चमध्ये बाजा वाजवणारा, भांडणं मिटवणारा झाला. १८९४ साली जमैकातल्या शिक्षकांनी आपली संघटना बांधली, आणि तिथल्या काळ्या मध्यमवर्गाचा आवाज त्यानंतर बरीच वर्षं या शिक्षकांमधूनच उमटत राहिला.

साहेब तपासणीला येतात

या मास्तरांचा पगार कसा ठरत होता, हे समजलं की बरंच काही समजतं. जमैकात १८६६ साली जॉन पीटर ग्रँट नावाचे गव्हर्नर आले. हेच ग्रँट त्याआधी निळीच्या आंदोलनाच्या काळात बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. साम्राज्याच्या बदल्या अशा असत! १८६७ मध्ये त्यांच्या राजवटीने इंग्लंडमधली ‘निकालाप्रमाणे पैसा’ ही पद्धत जमैकात आणली. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर शाळेत येणार, मुलांचं वाचन, शुद्धलेखन, गणित तपासणार, गुण देणार. त्या गुणांवर शाळेचा दर्जा आणि दर्जावर अनुदान. हजेरीचाही हिशेब त्यात.

परिणाम काय होणार हे आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. घोकंपट्टी. साहेबांच्या भेटीआधी दोन महिने फक्त तेच धडे. ऊसतोडणीच्या हंगामात मुलं शेतावर गेली, की हजेरी खाली आणि तिच्याबरोबर मास्तरांचा पगारही खाली. यातही त्यांनी एक यंत्रणा चालवली: वरच्या इयत्तेतला तेरा-चौदा वर्षांचा हुशार विद्यार्थी हेरायचा, त्याला सकाळी स्वतः शिकवायचं आणि दिवसा त्याच्याकडे खालचा वर्ग द्यायचा. खर्च वाचवण्यासाठी काढलेली पळवाटच ती. पण असंख्य गरीब मुलं तिच्यातूनच शिक्षक झाली.

त्रिनिदादचे जॉन जेकब थॉमस याच खालच्या पायरीवरचे. जन्म १८४०च्या सुमाराचा, गुलामगिरी संपल्यानंतरच्या पहिल्या पिढीतला. सरकारी अध्यापक शाळेत शिकून १८६०च्या आसपास ते साव्होनेटा इथल्या खेडेगावच्या शाळेत मास्तर झाले. बेट इंग्रजांचं, पाठ्यपुस्तकं इंग्रजी, आणि समोर बसलेली मुलं घरी बोलणार फ्रेंच क्रिओल, म्हणजे बेटांवर फ्रेंचपासून घडलेली लोकबोली. मोडकी, अडाणी बोली म्हणून तिची हेटाळणी होत होती. थॉमस यांनी तिचे नियम शोधून, म्हणी गोळा करून १८६९ साली तिचं व्याकरण छापलं. कारण अगदी व्यावहारिक दिलं: कोर्टात साक्षीदाराची भाषा दुभाष्याला धड कळत नाही, म्हणून न्याय चुकतो, आणि शाळेत मुलाची भाषा मास्तरला कळत नाही, म्हणून मूल मागे पडतं.

वीस वर्षांनी त्यांनी दुसरा दणका दिला. जेम्स अँथनी फ्रूड या नामांकित इंग्रज इतिहासकाराने बेटांवर धावता दौरा करून, काळी माणसं स्वतःचं राज्य चालवायला नालायक आहेत अशा अर्थाचं पुस्तक लिहिलं. थॉमस तेव्हा आजारी होते. तरी त्यांनी मुद्द्याला मुद्दा लावून १८८९ साली त्याला पुस्तकभर उत्तर दिलं आणि फ्रूड यांच्या नावावरूनच त्याला एक खोचक नाव दिलं. त्याच वर्षी लंडनमध्ये क्षयाने त्यांचा मृत्यू झाला.

सहा जणी

आता डॉमिनिकन रिपब्लिकच्या राजधानीत, सांतो दोमिंगोला जाऊ. डॉमिनिकन रिपब्लिक तेव्हा स्वतंत्र देश होता, पण सततच्या बंडाळ्यांनी पोखरलेला. पोर्तो रिकोचे विचारवंत एउहेनियो मारिया दे ओस्तोस यांनी १८८० साली तिथे शिक्षक घडवणारी सरकारी शाळा सुरू केली. पाठांतराऐवजी विज्ञान आणि तर्क. चर्चने या शाळेला ‘देव नसलेली शाळा’ ठरवलं. पण इथे शिकायचे ते पुरुष. मुलींचं काय?

ती बाजू सालोमे उरेन्या यांनी उचलली. तिशीतल्या सालोमे देशभर गाजलेल्या कवयित्री होत्या. ३ नोव्हेंबर १८८१ला त्यांनी मुलींची संस्था उघडली. विद्यार्थिनी १४. त्या देशात मुलींना प्राथमिकच्या पुढे शिकवणारं दुसरं काही तेव्हा नव्हतं. घरात लहान मुलं आणि तोळामासा प्रकृती. या कामापायी त्यांची कविता मागे पडली, असं अनेक समीक्षक हळहळून लिहितात. मला ही हळहळ जरा आगाऊ वाटते. त्यांनी काय निवडलं ते त्यांना नीट कळत होतं.

१८८७ साली सहा मुली शिक्षिका म्हणून उत्तीर्ण झाल्या. फक्त सहा. पण या सहांमधली लुईसा ओसेमा पेयेरानो हिने बंद पडलेली संस्था १८९६ मध्ये बहिणीच्या मदतीने पुन्हा उघडली आणि सालोमे गेल्यावर तिला त्यांचंच नाव दिलं. लेओनोर फेल्त्स देशातल्या तरुण लेखकांची मार्गदर्शक झाली. मेर्सेदेस लाउरा आगियार पुढे स्त्रियांच्या हक्कांसाठी आणि बेटावरच्या अमेरिकन ताब्याविरुद्ध उभी राहिली. सालोमे १८९७ साली क्षयाने गेल्या, वय ४६. त्यांची मुलगी कामिला आयुष्यभर क्युबात आणि अमेरिकेत प्राध्यापक होती. एका पिढीत सहा, हा आकडा सरकारी अहवालात शोभणार नाही, पण शिक्षक घडवण्याचं गणित असंच चक्रवाढीने चालतं.

गिरमिटियांच्या शाळा

त्रिनिदादमध्ये ३० मे १८४५ला भारतातून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेल्या मजुरांचं पहिलं जहाज लागलं आणि १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं आली, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची, कलकत्ता बंदरातून. त्यांची मुलं सरकारी शाळांत फारशी जात नसत. भाषा कळत नव्हती, धर्म बुडेल ही धास्ती होती आणि मळ्याला मुलांचे हात हवे होते. १८६८ साली कॅनडाचे पाद्री जॉन मॉर्टन आयेर खेड्यात आले. त्यांनी हिंदी शिकून घेतली आणि मुलांना हिंदीतून शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या मिशनने पुढे डझनावारी शाळा आणि १८९४ साली अध्यापक विद्यालयही काढलं. मात्र बढती हवी असेल तर बाप्तिस्मा घेतलेला बरा, हे उघड गुपित होतं. त्यामुळे कितीतरी रामलाल-शामलाल नोकरीपुरते जोसेफ-सॅम्युएल झाले.

याला उत्तर द्यायला वेळ लागला. १९५२ साली भदासे सगन महाराज यांच्या पुढाकाराने सनातन धर्म महासभा उभी राहिली. त्यांनी गावोगाव लोकांकडून पैसा आणि श्रमदान मिळवून काही वर्षांतच तिसाहून अधिक शाळा बांधल्या. घाईत उभ्या केलेल्या, साध्यासुध्या इमारती. शहरी लोकांनी नाकं मुरडून त्यांना ‘गुरांचे गोठे’ म्हटलं. पण ज्या घरांतल्या मुली तोवर मिशनच्या शाळेत पाठवत नसत, त्या या गोठ्यांत गेल्या.

हजारातून एक

निवडून वर काढण्याची ती पहिली ओढ कुठे पोहोचली, हेही पाहू. इंग्रजी बेटांवर ‘आयलंड स्कॉलरशिप’ होती. संपूर्ण बेटातून वर्षाला एक, फार तर तीनचार मुलांना इंग्लंडच्या विद्यापीठात पाठवायचं. त्रिनिदादचे एरिक विल्यम्स असेच १९३१ साली निवडले गेले. शाळेत त्यांना शिकवलेल्यांपैकी एक होते सी. एल. आर. जेम्स, पुढे क्रिकेटवर आणि हैतीच्या क्रांतीवर लिहिणारे. सेंट लुसियाच्या लुईस यांचे वडील ते सात वर्षांचे असताना वारले. चौदाव्या वर्षी शाळेचा सगळा अभ्यास संपवून ते कारकून म्हणून बसले आणि १९३२ साली ही शिष्यवृत्ती मिळवून पुढे लंडनला गेले. खरं तर त्यांना इंजिनिअर व्हायचं होतं, पण काळ्या इंजिनिअरला बेटावर कुणी नोकरी देणार नाही हे माहीत होतं. अर्थशास्त्राला त्या रंगभेदाचा असा फायदा झाला.

निवडीची ही पद्धत हिरे शोधण्यात पटाईत होती, यात वाद नाही. बाकीच्या ९९९ मुलांचं काय, याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. विल्यम्स यांना हे टोचत असावं. नोकरीतून बाहेर पडल्यावर १९५५ पासून त्यांनी पोर्ट ऑफ स्पेनच्या वूडफर्ड चौकात भरसभेत व्याख्यानं द्यायला सुरुवात केली: गुलामगिरी, साखरेचं अर्थकारण, राज्यघटना. गोदी कामगार, फेरीवाल्या बायका उभ्या राहून ऐकत. लोक त्याला ‘वूडफर्ड चौक विद्यापीठ’ म्हणू लागले. पुढे ते पंतप्रधान झाले आणि स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, ३० ऑगस्ट १९६२ला, शाळकरी मुलांच्या मेळाव्यात त्यांनी सांगितलं, की त्रिनिदाद-टोबॅगोचं भविष्य तुमच्या दप्तरांत आहे. स्वातंत्र्याच्या तोंडावर त्यांच्या सरकारने माध्यमिक शिक्षण मोफत केलं.

खरं विद्यापीठ जमैकात मोना इथे १९४८ साली सुरू झालं. युद्धकाळात जिब्राल्टरहून हलवलेल्या निर्वासितांसाठी बांधलेल्या लाकडी बराकी, आणि वैद्यकीय शाखेचे ३३ विद्यार्थी. पदवी लंडन विद्यापीठाची. बेटांचं स्वतःचं स्वतंत्र विद्यापीठ ते १९६२ मध्ये झालं आणि त्याचे पहिले कॅरिबियन प्रमुख होते आर्थर लुईस.

कंदील घेऊन गेलेली पोरं

सगळ्यांना शिकवण्याची ओढ टोकाला नेली ती क्युबाने. १९५३च्या जनगणनेत निरक्षरता २३.६ टक्के होती, आणि खेड्यांत त्याच्या जवळपास दुप्पट. क्रांतीनंतर १९६१ साली सरकारने ठरवलं, की एका वर्षात निरक्षरता संपवायची. शिक्षक पुरेसे नव्हतेच. मग माध्यमिक शाळा बंद ठेवून एक लाखाहून अधिक मुलामुलींना खेड्यात पाठवलं. निम्म्याहून जास्त मुली. आईवडिलांची लेखी परवानगी, वाराडेरोच्या किनाऱ्यावर थोडं प्रशिक्षण, आणि मग गणवेश, झोपायला झोळी, दोन पुस्तकं आणि एक रॉकेलचा कंदील. दिवसा शेतकऱ्याबरोबर शेतात काम, रात्री कंदिलाच्या उजेडात धडा. शहरात वाढलेली पंधरा वर्षांची मुलगी पन्नाशीतल्या शेतकऱ्याचा हात धरून त्याच्याकडून अक्षर गिरवून घेत होती. तिलाही ते घर, ती गरिबी पहिल्यांदाच दिसत होती.

पुस्तकाचा पहिला धडा होता ‘ओ-ए-आ’. तीन स्वर, उच्चाराला सोपे. पण हीच अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेची स्पॅनिश आद्याक्षरं, आणि धड्यात त्या संघटनेबद्दल सरकारला जे म्हणायचं ते. दुसरा धडा जमीन सुधारणा खात्यावर. म्हणजे अक्षरओळखीबरोबर राजकीय शिकवणही पाजली जात होती, हे झाकण्यात काही अर्थ नाही. मोहिमेत रक्तही सांडलं. कोन्रादो बेनितेस हा १८ वर्षांचा स्वयंसेवक शिक्षक जानेवारीत आणि मानुएल आस्कुन्से हा १६ वर्षांचा मुलगा नोव्हेंबरमध्ये सरकारविरोधी बंडखोरांनी मारला.

शेवटची परीक्षा म्हणून प्रत्येकाने फिडेल कॅस्ट्रोंना पत्र लिहायचं होतं. अशी सात लाखांवर पत्रं आज हवानात, जुन्या लष्करी छावणीच्या जागी उभ्या असलेल्या संग्रहालयात आहेत. २२ डिसेंबर १९६१ला मोहीम संपल्याचं जाहीर झालं. सरकारी आकड्यांप्रमाणे ७ लाख ७ हजार माणसं साक्षर झाली आणि निरक्षरता ३.९ टक्क्यांवर आली. नुसतं नाव लिहिता येणं आणि वर्तमानपत्र वाचता येणं यात अंतर असतं, म्हणून त्यानंतर प्रौढांना सहावीपर्यंत नेण्याचे वर्ग अनेक वर्षं चालले. मोहिमेपेक्षा हे कंटाळवाणं काम जास्त मोलाचं होतं असं मला वाटतं, पण त्याचे फोटो निघत नाहीत.

आणि आता

इंग्रजी बेटांवरच्या दहावीच्या मुलांच्या उत्तरपत्रिका पूर्वी तपासायला इंग्लंडला जात. १९७२ साली बेटांनी मिळून स्वतःचं परीक्षा मंडळ काढलं आणि १९७९ पासून त्याच्या परीक्षा सुरू झाल्या. इतिहासाच्या पेपरात इंग्लंडच्या राजांच्या जागी गुलामांचे उठाव आणि गिरमिट आले. तरीही ती जुनी निवडीची ओढ गेलेली नाही. त्रिनिदादमध्ये आजही अकरा-बारा वर्षांच्या मुलाला कुठली शाळा मिळणार हे एका परीक्षेवर ठरतं आणि त्यासाठी शिकवण्या लागतात.

शिक्षक घडवण्याची परंपरा मात्र वेगळ्याच अडचणीत सापडली आहे. इंग्रजी उत्तम, प्रशिक्षण पक्कं, म्हणून २००१च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडनच्या शाळांनी जमैका आणि शेजारच्या बेटांवरून शेकड्यांनी शिक्षक नेले. पगार कितीतरी पट, जाणाऱ्याला दोष कसा देणार? बेटांच्या शिक्षणमंत्र्यांनी आवाज उठवला आणि २००४ मध्ये राष्ट्रकुल देशांनी शिक्षकभरतीची आचारसंहिता मान्य केली. न्यायचे तर न्या, पण मूळ देशाला आधी कळवा आणि शक्यतो शाळेचं वर्ष मध्येच मोडून नेऊ नका, असं तिच्यात आहे. ती कायद्याने कुणावरही बंधनकारक नाही. आणि अमेरिका राष्ट्रकुलात नसल्यामुळे न्यूयॉर्कला तर ती लागूच होत नाही.